मुकादमाची नेमणूक

या, जवळ सरकून बसा मायबाप. गोष्ट एवढीशीच आहे, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात मुकादमाची जागा निघाली, आणि तिथल्याच दोघी कामकरी बायकांनी ती मागितली. वाफेच्या खोलीत इस्त्री करून करून दोघींच्या छातीचा भाता झाला होता. मुकादमाची केबिन मिळाली तर निदान श्वास तरी मोकळा झाला असता. एक इथलीच, अर्धवट शाळा सोडून या कामाला जुंपलेली. दुसरी परमुलखातून आलेली, तिकडे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची.

मालक पहिलीला म्हणाला, "काम तुझ्या हातात बसलंय गं ताई, पण शिक्षण नको का?"

दुसरीला म्हणाला, "शिक्षण ढीगभर आहे हो बाई, पण तुम्ही पडलात बाहेरच्या. इथली माणसं ऐकतील का तुमचं?"

"म्हणजे मी हिच्या वर्गात बसायचं, आणि हिने माझ्या आईच्या पोटी जन्म घ्यायचा?" पहिली फणकारली. दुसरी हसता हसता खोकायला लागली.

सोमवारी केबिनमध्ये मालकाचा साडू येऊन बसला. परमुलखातलाच, आणि चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला.



त्याच्या खांद्यावर हात ठेवून मालक सगळ्यांना म्हणाला, "मी ना शिक्षण बघतो, ना मुलूख. मी फक्त माणूस बघतो!"

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या दोघींची आठवण ठेवा, बाबांनो. मुकादमाची नको, त्याची आठवण ठेवायला मालकाच्या घरात त्याची मेहुणी आहे.