पाठ लावण्याआधी

सुनेने उघड्या गिटारमध्ये हात घालून शेवटच्या पट्टीवरून रंधा फिरवला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नुसती मान हलवली. शेजारी गिटारची पाठ, म्हणजे मागची फळी, सरस लावायला तयार होती. जेवणाची ताटं न्यायला आलेल्या मास्तरीणबाई ते पाहून दारातच थबकल्या. एकदा पाठ लागली की आत हात घालायची सोय नाही.

घरामागची ही खोली पूर्वी अडगळीची. मास्तर तेव्हा शाळेत सुतारकाम शिकवायचे. मुलांकडून स्टुलं आणि खुंट्या करून घ्यायचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी इथे पहिली गिटार केली. दिसायला नवरीसारखी, पण वाजायला उशीत तोंड खुपसून बोलावं तशी. मास्तर कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

दुसऱ्या गिटारच्या वेळी ते जेवून आडवे झाले होते. बाई केर काढायला इथे आल्या. पाठ अजून लागायची होती. त्यांनी सहज वरच्या फळीवर टिचकी मारली. कुंभाराची लेक त्या. लहानपणी बापाशेजारी बसून टिचकीवर मडकी पारखलेली. फळी ठस्स बोलली. तिला आतून आधार द्यायला बसवलेल्या पट्ट्या जाड राहिल्या होत्या, तिला हलू देत नव्हत्या. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, छोटा रंधा उचलला आणि पट्ट्या जराशा किसल्या. टिचकी मारली. पुन्हा जराशा किसल्या. फळी मोकळी बोलली तेव्हा थांबल्या. ढलप्या सुपलीत भरून बंबात घातल्या आणि मास्तरांना चहाला उठवलं.

ती गिटार अशी वाजली की रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबली. मास्तरांचा हात लागला की लाकूड बोलतं, असं लोक म्हणायला लागले. मग प्रत्येक गिटारला तेच, युकुलेलेसारख्या एवढ्याशा वाद्यालाही तेच. पाठ लावण्याआधी मास्तर जेवून ताणून द्यायचे आणि बाई केर काढायला यायच्या. शाळेतल्या करवतीच्या यंत्रापायी मास्तरांच्या कानांना बारकावा कळेनासा झालाय, अशी बाईंची समजूत. पट्ट्या आपण किसतो, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? नवऱ्याचं नाव होत होतं आणि नाव झालं की मास्तर घरात शीळ घालत फिरायचे.

आता मास्तरांचे हात थरथरत. सुनेने ऑफिसची नोकरी सोडून रंधा हातात घेतला होता. ही तिची पहिली गिटार. जिने मागवली त्या संगीतशिक्षिकेकडे मास्तरांची एक होतीच; ती दोन्ही शेजारी ठेवून वाजवणार हे उघड होतं. नवी ठस्स वाजली तर सून म्हणेल, माझ्याच हाताला गुण नाही, आणि पुन्हा ऑफिसची वाट धरेल. खरं सांगावं, तर मास्तरांची इतक्या वर्षांची अब्रू सुनेसमोर जायची. गुपचूप किसावं, तर ही पोरगी खोलीतून हलेल तेव्हा ना. आज तर दोघांनी ताटंही इथेच मागवली होती, भुशात बसून जेवायला.

"आता जरा पडा की दोघंही," बाई म्हणाल्या. "सकाळपासून जमिनीला पाठ टेकलेली नाही."

"आई, आत्ता झोपले तर उद्याच उठेन. पाठ लावते, मग खुशाल दोन दिवस हाका मारा."

"सरस काय पळून जातोय?"

"सरस नाही, त्या मॅडम पळून जातील. कालपासून तीनदा फोन झालाय."

"हिला झोप म्हणजे आजारपण वाटतं," मास्तर हसून म्हणाले.

बाईंना हसू आलं नाही. ताटं उचलता उचलता त्यांनी फळीवर हळूच टिचकी मारली. ठस्स. सुनेने मास्तरांची हातोटी हुबेहूब उचलली होती, खोडीसकट.

सुनेने पट्टीवरून अंगठा फिरवला. "बाबा, रागावू नका, पण मला या अजून जाड वाटतात. थोड्या उतरवू?"

"नको."

"पण तुम्हीच म्हणता ना, फळी हलली पाहिजे?"

"हललीच पाहिजे. तरी आपण जाडच ठेवायच्या. मी नेहमी ठेवतो. मुद्दाम."

बाईंनी उचललेली ताटं पुन्हा बाकावर टेकवली.

"मुद्दाम का?" सुनेने विचारलं. मास्तर छोटा रंधा उचलून त्याचं पातं निरखू लागले, तेव्हा तिने सरसाचं भांडं पुढे ओढलं. "बरं, मग लावू पाठ?"

"लगेच नाही. अजून एक काम राहिलंय, तेही शिकून घे." मास्तरांनी छोट्या रंध्याचं पातं फडक्याने पुसलं आणि तो बाकाच्या त्या टोकाला, बाई उभ्या होत्या तिथे, सरकवला. त्यांच्याकडे मात्र पाहिलं नाही. "आतल्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं. झोप आली नाही तरी डोळे मिटून पडायचं. आणि किसण्याचा आवाज थांबेपर्यंत उठायचं नाही."