चाळणीसाहेबांची शेवटची भरती

"या सहा जागा उडवा, ताई. ज्याला कानस धड हातात धरता येत नाही, त्याला घेऊन काय लोणचं घालायचंय?"

चाळणीसाहेबांनी नव्या वर्षाच्या भरतीचा आराखडा टेबलावर ठेवला आणि त्या सहा जागांवर लाल रेघ मारली. कुलपांच्या त्या कारखान्यात माणसं नेमायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या तावडीतून सहजासहजी कुणी पार होत नसे, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलेलं. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नवं वर्ष तोंडावर आलं होतं. येत्या वर्षात ते निवृत्त होणार होते, तेव्हा हा त्यांच्या हातचा शेवटचा आराखडा. तो कसा अगदी चोख व्हायला हवा होता.

"काका, आपल्याकडे सगळे पन्नाशीला टेकलेत," ताई म्हणाल्या. कारखाना आता त्या बघत. फ्रॉक घालून यंत्रांमधून पळायच्या तेव्हापासून साहेब त्यांना ओळखत होते. "नवशिकी पोरं घेतली नाहीत तर उद्या कुलपं कोण करणार?"

"करतील हो कुणीही. पण पारख नको? आता दादांच्या वेळी..."

झालं! 'दादांच्या वेळी' म्हटलं की पुढची गोष्ट अख्ख्या कारखान्याला पाठ होती. ऐन तारुण्यातले साहेब मुलाखतीला निघाले, रस्ता चुकले, घामाघूम होऊन दुपारी उशिरा पोचले. दालनात खुर्च्यांच्या रांगा, आणि झाडून सगळ्या रिकाम्या. खिडकीशी एकटे दादा, म्हणजे ताईंचे वडील, तेव्हाचे मालक. त्यांनी यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "उद्यापासून येशील?"

"इतक्या जणांना परत पाठवलं आणि मला ठेवून घेतलं!" साहेब दर वेळी इथे छाती पुढे काढत. नव्या माणसाला ही गोष्ट ऐकल्याशिवाय पहिला पगार मिळत नाही, अशी थट्टा चाले. पण साहेबांसाठी ती नुसती गोष्ट नव्हती. बायको गेली तेव्हा, दुसऱ्या कारखान्याने दुप्पट पगाराला बोलावलं तेव्हा, ते याच एका गोष्टीला धरून उभे राहिले होते. आपल्याला दादांनी पारखून घेतलंय. बस्स.

"मग दादांनाच विचारू," ताई म्हणाल्या. "ते म्हणतील ते."

"चला! आत्ताच चला."

दादांची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. पाय आता साथ देत नव्हते, पण कान शाबूत. खिडकीशी बसून खालचं कुठलं यंत्र बंद आहे ते ते बरोबर सांगत. ताईंनी आराखडा वाचून दाखवला. दादांनी हात वर केला.

"त्या सहा जागा का उडवल्यास रे?"

"नवखी पोरं, दादा. तुम्ही जसं मला पारखून घेतलंत, सगळ्यांना परत पाठवून..."

"परत? कुणाला?"

"त्या दिवशी आलेल्यांना. खुर्च्या नव्हत्या का रिकाम्या!"

दादा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ताईंनी पाणी दिलं.

"अरे वेड्या, कुणी आलंच नव्हतं! जाहिरातीत पत्ता भलताच छापला गेला. सगळे गेले नदीपलीकडे. मी भाड्याच्या खुर्च्या मांडून बसलोय, आणि तू रस्ता चुकून इकडे उगवलास. पारख कसली डोंबलाची! पहिलं वर्षभर तुझी एक किल्ली धड कुलपात शिरत नव्हती. रोज संध्याकाळी तुला शेजारी बसवून घासायला शिकवायचो, आठवतंय का?"

आठवत होतं. दादांचा हात आपल्या हातावर, आणि लोखंडाचा तो वास. तेवढं मात्र साहेब कधी कुणाला सांगत नसत.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ताईंना उगाच विचारलं असं झालं. साहेबांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त पोरकं वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर मान ताठ होती, ते सगळं एका छापखान्याच्या घोळावर उभं होतं तर! पण माणूस सरळ. त्यांनी ताईंच्या हातून आराखडा घेतला, पेन काढलं आणि त्या सहा जागा समासात पुन्हा लिहिल्या. पुढे लिहिलं: अनुभवाची अट नाही.

"हे घ्या, ताई. बरोबर होतं तुमचं."

ते उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

"म्हणजे दादा, दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी."

"नव्हतं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी आले ना सगळे, खरा पत्ता शोधून. फाटकाबाहेर ही रांग! एकेक काय कसबी माणूस होता. तू आत केर काढत होतास."

साहेब वळले.

"मग त्यांच्यातला एखादा का नाही घेतलात?"

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेने दादांनी त्यांच्याकडे बघितलं.

"घेणार कसा? तोवर तू आमचा झाला होतास."