चौथऱ्यातला माणूस

सकाळी सव्वासातला चौथऱ्याच्या पूर्वेच्या बाजूला माणसाची कवटी लागली.

इरिस पागुआगाने काम थांबवलं. पुरातत्त्व खात्याने तिला एवढ्यासाठीच पाठवलं होतं. त्या प्राचीन चौथऱ्यात काही नसेल, तर जागेची मालकीण कोर्नेलिया, जिला सगळे मानाने ‘दोन्या’ म्हणत, हिच्या लेकीला त्यावर घर बांधता येणार होतं. आतापर्यंत फुटकी खापरं निघाली होती, आणि याच बाजूला, जुन्या वस्तूंच्या चोरांनी कधीतरी उकरून पुन्हा बुजवलेला एक रिकामा खड्डा.

दोन्या कोर्नेलिया कॉफी घेऊन आली आणि कडेलाच थबकली.

“बुजवून टाक, पोरी. कुणी पाहिलं नाही.”

“मी पाहिलंय ना, दोन्या.”

“तीन आठवडे माझ्या हातचं खातेस. एवढंही ऐकायचं नाही?”

ती घराकडे वळल्यावर खोदकाम करणारा तिबुर्सियो हसला. “झालं. उद्यापासून आपल्याला शिळ्या तोर्तिया. तिचा नवरा अमेरिकेला उगाच नाही पळाला.”

“हात चालव,” इरिस म्हणाली. तिला म्हातारीचं वाईट वाटत होतं.

दुपारपर्यंत सांगाडा मोकळा झाला. गुडघे छातीशी, गळ्यात शिंपल्यांचे मणी, पायाशी रंगवलेला वाडगा. शंकेला जागाच नव्हती. दोन्या कोर्नेलिया स्वयंपाकघराच्या दारात बसून होती. चूल पेटलेली नव्हती.

इरिस तिच्याशेजारी जाऊन बसली.

“दोन्या, माणूस हजारेक वर्षांपूर्वीचा आहे. आता इथे घर होणार नाही. मला माफ करा.”

“हजार? नक्की?”

“नक्की.”

म्हातारीने छातीवर क्रूस काढला. मग उठली, चुलीत लाकडं सारली. “घराचं काय, मागच्या अंगणात बांधू. अंडी घालू का तुला दोन?”

एवढं सहज घेईल असं इरिसला वाटलं नव्हतं. “घाला,” ती म्हणाली.

“आता पुढे नाही ना खणणार?”

“खणायला उरलंय काय? ती बाजू पार खालच्या वाळूपर्यंत झाली. हा एकटाच होता.”

दोन्या कोर्नेलियाच्या हातातली काडी बोटांपर्यंत जळत आली.

“एकटाच कसा?” ती म्हणाली. “मी पुरलेला कुठे गेला?”