दहा मिनिटांची पायवाट

"तासभर बाबांना दिसू नका," वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "घरचं माणूस समोर असलं की जीव तिकडेच ओढतो. मागच्या फाटकातून धबधब्याकडे पायवाट जाते. दहा मिनिटं लागतात. निघताना मात्र भेटून जा."

म्हणून बहीणभाऊ धबधबा बघायला निघाले.

वाट झाडीतून खाली उतरत होती. मुळं वर आलेली, कडेला धरायला दोर बांधलेला. भाऊ पुढे होता. जरा उतार आला की थांबायचा, मागे वळून हात पुढे करायचा. तिसऱ्या वेळी बहीण म्हणाली, "दादा, मी येते माझी माझी."

त्याने हात खिशात घातला. बाबांना धरून चालवता चालवता दोघांची चालच तशी हळू झाली होती. मागून आलेलं एक तरुण जोडपं त्यांना ओलांडून पुढे गेलं.

"गोळ्यांची चिठ्ठी दिलीस?" भावाने विचारलं.

"दिली."

"आणि झोपताना त्यांना दिवा चालू लागतो, ते?"

"सांगितलं. लिहूनही दिलंय."

तीन मजल्यांच्या उंचीवरून पाणी काळ्या खडकावर आदळत होतं. तुषारांनी दोघं हळूहळू भिजत गेले. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत समोरच्या भिंतीकडे बघावं, तशी बहीण पाण्याकडे बघत राहिली.

जोडप्यातल्या मुलीने फोन पुढे केला. "काका, आमचा एक फोटो काढता?" भावाने दोन काढले.

"तुमचाही काढू?"

"नको," दोघं एकदमच म्हणाले.

जोडपं गेल्यावर बहीण म्हणाली, "परत घेऊन जाऊ या का त्यांना?"

पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं, असं तिला वाटलं. पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "तुझ्याकडे की माझ्याकडे?"

तिने चपलेतला खडा काढला. तिच्या दोन खोल्यांत शिलाई मशीन होतं, सासू होती, दोन मुलं होती. तो बसचा ड्रायव्हर. गेल्या महिन्यात तो ड्यूटीवर असताना बाबांनी गॅस सोडला होता आणि ते काडेपेटी मागायला शेजारी गेले होते.

"झाला तास," भाऊ म्हणाला.

बाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. शर्टाची बटणं कुणीतरी नीट लावून दिली होती. या दोघांना येताना पाहून ते सरकले आणि दोन्ही बाजूंना जागा केली.

"बसा. पार भिजलात की." त्यांनी खिशातला रुमाल काढून मुलीला दिला. तीस वर्षं ते शाळेत शिपाई होते. पहिल्या दिवशी दारात रडत उभ्या राहिलेल्या पोरांशी ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात म्हणाले, "नवीन दिसता. घाबरू नका. इथली माणसं बरी आहेत. चहा मागितला तर देतात."

बहीण एका बाजूला बसली, भाऊ दुसऱ्या. बाबांनी दोघांकडे आळीपाळीने नीट पाहिलं. मग बाजूच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "तुम्हाला कोण सोडून गेलं?"