खिडकीपलीकडची माणसं

“पपा, तुमचं ग्रीन कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय. नुसतं नवं करून घ्यायचं, की नागरिकत्वाचा अर्जच करून टाकायचा?” नतेर्सियाने सूप ढवळत विचारलं.

बेल्मिरो खिडकीशी खुर्चीत पेंगत होता. तो निम्मा अमेरिकेत, फॉल रिव्हरमध्ये होता आणि निम्मा मायदेशी, पोर्तुगालच्या साओ जॉर्ज बेटावर. दुपारी डोळा लागला की त्याला तेच स्वप्न पडे. धुकं, निळ्या फुलांची कुंपणं आणि धक्क्यावर उभी असलेली थोरली बहीण, देओलिंदा. बोट हळूहळू तिच्याकडे सरकत यायची आणि धक्क्याला लागायच्या आधीच कोणीतरी सूप ढवळायला घ्यायचं.

“अर्ज कर,” तो डोळे न उघडता म्हणाला. “पण देओलिंदाला भेटून परत येता येईल ना?”

“एकदा पासपोर्ट मिळाला की हवं तेव्हा जा, हवं तेव्हा या. कोण अडवतंय?”

त्याला तेवढंच हवं होतं. देओलिंदाचं काळीज थकलं होतं. फोनवर ती आताशा दुसरं काही बोलत नसे, फक्त ‘कधी येतोस?’ विचारी. पण तिकडे जाऊन तिकडेच अडकायचीही त्याला धास्ती होती. लेक इथे होती, नात इथे होती.

“आणि तुझी आई इथे पुरलीय,” तो म्हणाला. “तिच्या शेजारी मला पाहुणा म्हणून निजायचं नाही.”

डोळे पुसून नतेर्सियाने कॉम्प्युटरवर अर्ज उघडला आणि त्यातले प्रश्न वाचू लागली.

“तुम्ही कधी अतिरेकी होतात का?”

“आई असती तर तिला विचारायचं.”

“कधी दारुडे होतात?”

“सणासुदीची धरायची का?”

“गप्प बसा!” ती हसली आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना न विचारताच ‘नाही, नाही’ करत सुटली. इतक्या सरळ माणसाला काय विचारायचं?

सरळ तर तो होताच. शिवाय सरकारी खिडकीपलीकडच्या माणसाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. त्याच्या लहानपणी, हुकूमशाहीच्या दिवसांत, बेटावर खिडकीला ‘नाही’ म्हणणारा घरी परतेलच, याचा भरवसा नसे. इथेही गाडीचं लायसन्स करायला गेला, तेव्हा खिडकीतल्या पोरीने जे जे विचारलं त्याला मान डोलावत गेला आणि ती बोट ठेवील तिथे सही करत गेला. घरी आल्यावर चार दिवस तिच्या गोडव्याचं कौतुक चाललं होतं.

वाट्या काढताना नतेर्सियाला कपाटात आईच्या फोटोला टेकवलेला पुठ्ठा दिसला. त्यावर ओळीने चिकटवलेले गोल कागद होते. प्रत्येकावर एक लहानसा झेंडा, खाली दोन शब्द.

“हे अजून जपलेत? लहान मुलांसारखे?”

“कोणी मायेने दिलेलं टाकू नये.”

तो शाळेत झाडलोट करायचा तेव्हा तिथलेच उचलून आणलेले असणार, असं ती धरून चालली होती. तिने पुठ्ठा परत ठेवला आणि सूप वाढलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मात्र बेल्मिरोला बेटावरच्या लोकांच्या क्लबातला फिर्मिनो आठवला. तोही असाच मुलाखतीला गेला आणि पुढे बेटावर धाडला गेला. का, ते त्याची बायको कोणाला सांगत नसे.

“त्याने काहीतरी केलं असेल, पपा. तुम्ही काय केलंय? म्हातारे म्हणून तुम्हाला आपल्या भाषेत बोलता येईल, मी शेजारी बसून इंग्रजी करून सांगेन. आणि त्या वाकड्या प्रश्नांना एकच उत्तर द्यायचं. ‘नो.’”

“‘येस’ मला छान येतं गं. ‘नो’ शिकावं लागेल.”

दाढी करताना आरशासमोर तो ‘नो’ घोकू लागला.

त्या सकाळी तो लग्नातला काळा कोट घालून जिना उतरला.

“हा कुठून काढलात? मी तर फक्त फोटोत पाहिलाय.”

“चांगल्या कामाला हाच घालतो मी. तू कधी घरी असायचीस?”

“आणि खिशात काय फुगलंय?”

“आहे माझं. त्यांना दाखवायचंय.”

देओलिंदाचा फोटो असेल, असं म्हणून तिने गाडी काढली.

कचेरीत नाव पुकारेपर्यंत त्याला डुलकी लागली. या खेपेला बोट धक्क्याला लागली. देओलिंदाने हात पुढे केला. तो उतरला, मागे वळून पाहिलं तर बोट नव्हती, नुसतं धुकं होतं. नतेर्सियाने त्याला हलवून उठवलं.

आतली अधिकारी बाई हसतमुख होती. वडील बोलतील तसंच्या तसं सांगेन, अशी शपथ तिने नतेर्सियाला घ्यायला लावली. देशाच्या इतिहासाचे प्रश्न झाले, एकही चुकला नाही. वाकडे प्रश्न सुरू झाले. नो. नो. नो. बेल्मिरोला मजा वाटू लागली.

“कधी मतदान केलंय?”

नतेर्सियाने सवयीने तेही त्याच्या भाषेत विचारलं. बेल्मिरोचा चेहरा उजळला.

“दर वेळी! त्या लायसन्सवाल्या पोरीने मतदारांच्या यादीत नाव घातलं, तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही. हाच कोट घालून गेलोय.”

इथे मत फक्त नागरिकांनी द्यायचं. कार्डावर राहणाऱ्याने दिलं तर तो गुन्हा, आणि त्याला देशाबाहेर काढतात. फिर्मिनोने काय केलं असेल, ते नतेर्सियाला त्या क्षणी कळलं.

“काय म्हणाले?” बाईने विचारलं.

“नो,” नतेर्सिया म्हणाली.

बाईने खूण करायला पेन टेकवलं. पण तेवढं इंग्रजी आता बेल्मिरोला येत होतं. त्याला वाईट वाटलं. एवढी अभिमानाची गोष्ट, आणि पोरीने उलटी सांगितली! तो बाईकडे वळला आणि लेकीकडे बोट दाखवत, खिडकीपलीकडच्या माणसाला जन्मात पहिल्यांदा, न घोकता म्हणाला, “नो, नो.” मग त्याने कोटाच्या खिशातून तो पुठ्ठा काढला आणि दर वेळी मत देऊन बाहेर पडताना मिळालेले ते सगळे झेंडे हसत हसत तिच्यासमोर मांडले.