अजून हलतोय

“चिखलाची घाई करू नये, बाळा, तो आपल्या सवडीनं बोलतो,” लावणी करताना आई म्हणायची. विश्रामनं तो धडा भलत्याच कामी लावला.

भाताच्या खाचरात मातीचा रेडॉक्स, म्हणजे तिच्यातला प्राणवायू किती ओसरलाय, ते तो आणि मुक्ता मोजत. मीटरची कांडी चिखलात रोवायची, आकडा स्थिरावेपर्यंत बांधावर बसायचं. मीटर विश्रामच्या हाती, वही मुक्ताच्या. “थांब गं, अजून हलतोय,” म्हणत तो तासभर लावी. तेवढ्या वेळात बगळ्यांपासून आंबोळ्यांपर्यंत सगळ्या गप्पा होत.

आज शेवटचं मोजमाप होतं. उद्या मुक्ता विदर्भातल्या नव्या नोकरीवर निघणार होती. विश्रामच्या मनातलं ओठांपर्यंत आलं, पण तोंडून निघालं एवढंच, “अजून हलतोय.”

मुक्तानं पेनाला टोपण लावलं. “किती थापा मारशील रे? दहा मिनिटांत थांबतो तो. पहिल्याच आठवड्यात मी एकटीनं मोजून पाहिलं होतं.”

विश्रामचे कान लाल झाले. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर बांधावरून लवकर उठावं लागलं असतं ना!”

त्यानं मीटर बाजूला ठेवला. “मुक्ता, जन्मभर बसशील माझ्याजवळ?”