मोकळं घर

मापाची टेप घरी विसरली म्हणून आर्किटेक्ट भरदुपारी परत आला, किल्लीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थिजला.

बाथरूमच्या बंद दाराशी त्याची आई फरशीवर बसली होती. पाय पसरलेले, डोकं दाराला टेकलेलं, डोळे मिटलेले. आत दिवा चालू होता. आज रजा घेऊन घरी असलेली बायको कुठेच दिसत नव्हती, आणि या घरात माणूस न दिसणं शक्यच नव्हतं. स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्यामधली भिंत त्याने स्वतः उभं राहून पाडून घेतली होती. आता दारातून पाहिलं की ओटा, जेवणाचं टेबल, आईची कॉट, खिडकी, सगळं एका नजरेत. म्हणजे बायको आत पडली, आणि तिला हाका मारता मारता आईलाही काहीतरी झालं! हाक मारायला गेला तर आवाज फुटेना.

तेवढ्यात आई हसली.

साधंसुधं नाही, पोट धरून हसली. भिंत पडल्यापासून हे हसणं त्याने ऐकलंच नव्हतं. घर कसं सुरेख शांत झालंय, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, शहाणा!

"मग? साहेब पुढे काय म्हणाले?" आईने दाराला विचारलं.

"म्हणतात काय, ऑफिसात सगळ्यांसमोर मला झाप झाप झापलं," आतून बायकोचा आवाज आला. पाण्याचा थेंबही वाजत नव्हता. "आणि मिशीला बिस्किटाचा चुरा. मला मेलं हसूच येत होतं. मग मी जिन्यात गेले आणि खूप रडले."

"रडलीस ते बरं केलंस."

मग आई डोळे न उघडताच म्हणाली, "काल रात्री परत अंथरूण ओलं झालं गं माझं."

उंबऱ्यातल्या मुलाचा हात कडीवर तसाच राहिला.

"माहितीये मला, आई. हा उठायच्या आत चादर धुऊन वाळत पण घातली. मला उठवलं का नाहीत?"

"कशी उठवू? नुसती कूस बदलली तरी त्याचे ते आपोआप लागणारे दिवे लागतात. नाटकातल्यासारखी उजेडात बसून राहते मी, ओल्या लुगड्यात. बोलायचं तर कुणाशी? आधी तू भिंतीपलीकडे भांडी घासायचीस, मी अलीकडे पडल्या पडल्या काय काय सांगायचे. तोंड दिसत नव्हतं एकमेकींचं, तेच बरं होतं."

"आता समोरासमोर बसून बोला म्हणतो."

"समोरासमोर काय बोलायचं, कपाळ!" आई पुन्हा हसली. "त्याला यातलं काही कळू देऊ नकोस हं. हौसेने केलंय पोराने. आणि हे कळलं तर मी लाजेने मरेन."

त्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

आईने डोळे उघडले. मुलाला बघून तिचा चेहरा पांढराफटक झाला. तिने दारावर दोनदा टकटक केलं. आत ताबडतोब नळ सुरू झाला. खुणा ठरलेल्या होत्या तर! त्याच्याच घरात, त्याच्यापासून लपायच्या.

बायको बाहेर आली. तोंड ओलं, केस कोरडे.

"लवकर आलास?"

"टेप विसरलो."

आई भिंतीचा आधार शोधत उठली आणि कॉटवर जाऊन बसली. बायको ओट्याशी गेली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली. ऊन आत आलं होतं, वारा खेळत होता, आणि एवढ्या मोकळ्या जागेत तिघांना नजर वळवायला कोपरा मिळेना. त्याने किती ऐकलं, हे दोघींना कळत नव्हतं. त्याला तर आईकडे बघवतच नव्हतं.

टेबलावरची टेप त्याने उचलली. भिंत होती तिथे फरशीचा नवा, जास्त पांढरा पट्टा होता. त्याच्यापाशी तो दोघींकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला आणि टेप लांबवली.

"कसलं माप घेतोयस?" बायकोने विचारलं.

"भिंतीचं."

फडक्याचा आवाज थांबला. मग त्याच्या मागे कॉट करकरली.

"असाच बस," आई म्हणाली. "मागे वळू नकोस. तुला एक सांगायचंय."